उतरलेला पंचम

सुरुवातीलाच खुलासा करतो. हा लेख आर. डी. बर्मनवर नाही. शीर्षक वाचून कुणी आशेनं आलं असेल तर माफ करा. (तुमचा माणूस मध्ये एकदा डोकावून जाईल, पण एकदाच.) इथला पंचम म्हणजे सा-रे-ग-म-प मधला साधासुधा 'प', आणि तो माझ्या हातून उतरला. तोही कुठल्या मैफिलीत नाही, घरच्या बाल्कनीत, शिसवाच्या फळीवर, करवतीनं.

झालं असं, की गेल्या वर्षी मी एक बेस गिटार बनवायला घेतली. विकत नाही, बनवायला. "बाजारात मिळत नाही का?" हा प्रश्न मला घरच्यांनी, मित्रांनी, वखारवाल्यानं आणि सोसायटीच्या वॉचमननं असा चढत्या क्रमानं विचारून झाला. मिळते. स्वस्तात मिळते, आणि मी बनवली त्यापेक्षा नक्कीच चांगली मिळते. मग कशाला? मजा म्हणून. याहून खोल उत्तर त्या वेळी माझ्याकडे नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची, नेहमीच्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली बोलणारी, लांब मानेची गिटार. गाणं ऐकताना ती सहसा कुणाला ऐकू येत नाही. ती बंद पडली की मात्र गाण्याच्या पायाखालची सतरंजी कुणीतरी ओढून घेतल्यासारखं वाटतं. आपल्या हिंदी चित्रपटसंगीतात टोनी वाझ यांनी आर. डी. बर्मनच्या कितीतरी गाण्यांत ही बेस वाजवली. (हा बघा, डोकावला आणि गेला.) ती गाणी आपल्याला पाठ आहेत, वाजवणाऱ्याचं नाव मात्र आपण कधी विचारलेलं नसतं. बेसवाल्याचं नशीबच असं.

मला बनवायची होती ती 1951 सालच्या पद्धतीची. कारण रसिकपणाचं नव्हतं, आळसाचं होतं. ते पहिलं मॉडेल सगळ्यात सोपं. लाकडाची एक सपाट फळी, चार स्क्रूंनी तिला जोडलेली मान, एक पिकअप, दोन बटणं. वक्राकार खोदकाम नाही, पोकळ पोट नाही, नक्षी नाही. पण ते मॉडेल इतकं सोपं का होतं, हे शोधायला गेलो आणि तिथून मी इतिहासात जो घुसलो तो बाहेर यायलाच तयार होईना. करवत राहिली बाजूला.

तर थोडा इतिहास.

विजेच्या बेसच्या आधी होता डबल बेस. व्हायोलिनच्या घराण्यातला हा सगळ्यात थोरला भाऊ, माणसापेक्षा उंच. वाजवायचा उभं राहून, त्याला मिठीत घेऊन. त्याच्या तारेची लांबी साधारण 105 सेंटीमीटर, आणि त्याच्या मानेवर एकही पडदा नाही. सतारीला असतात तसे पडदे, ज्यांना गिटारवाले फ्रेट म्हणतात, ते इथे नाहीत. गुळगुळीत काळी पट्टी. सूर कुठे आहे ते बोटानं शोधायचं आणि कानानं पारखायचं. खालच्या जागी दोन सुरांमध्ये चांगलं दोन इंचांहून जास्त अंतर, त्यामुळे चूक करायला जागा भरपूर. ज्यांनी तो साधला त्यांनी त्यावर वर्षानुवर्षं घालवलेली असत.

1930 च्या दशकात अमेरिकेतल्या नाचाच्या बँडमध्ये या हत्तीची दोन प्रकारे पंचाईत होऊ लागली. एक म्हणजे तो न्यायचा कसा. दुसरं म्हणजे ड्रम आणि भोंगे यांच्या गदारोळात तो ऐकूच येत नसे. सिएटलला पॉल टटमार्क नावाचा हवाईयन गिटारचा शिक्षक होता. सांगतात ते असं, की बँडचे बाकीचे लोक एका गाडीतून हसतखेळत जायचे आणि डबल बेसवाला बिचारा आपल्या धूडासोबत वेगळ्या गाडीतून एकटा जायचा, हे टटमार्कला खटकलं. त्यानं 1936 च्या सुमारास गिटारसारखी आडवी धरून वाजवायची, भरीव लाकडाची, विजेवर चालणारी बेस बनवली. ऑडिओव्हॉक्स 736. तिला 16 फ्रेट होते. थोड्याच बनल्या आणि जग पुढे निघून गेलं. कल्पना बरोबर होती, पण तिचं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं, असं कधीकधी होतं.

गिऱ्हाईक सापडलं ते लिओ फेंडरला. हा गृहस्थ 1909 सालचा, कॅलिफोर्नियातला. लहानपणी एक डोळा गेलेला. शिक्षण हिशेबनिसाचं. मंदीत नोकरी गेली तेव्हा 600 डॉलर उसने घेऊन त्यानं 1938 मध्ये फुलरटन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध गिटारी ज्याच्या नावानं ओळखल्या जातात त्या या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती, आणि शेवटपर्यंत आली नाही. मला तो फार जवळचा वाटतो.

गिटार वाजवता येत नसल्याचा त्याला फायदाच झाला. वाद्याकडे तो भक्तिभावानं बघतच नव्हता. दुरुस्तीला आलेल्या रेडिओकडे बघावं तसा बघायचा. कुठे तुटतं? उघडायचं कसं? बदलायचा भाग वेगळा काढता येतो का? गिटारची मान धडाला सरसानं चिकटवायची शतकांची रीत होती. यानं ती चार स्क्रूंनी आवळली. मान वाकली तर नवी लावा! धड म्हणजे सपाट फळी. म्हणजे मी ज्याला सोपं म्हणत होतो ती खरं तर दुरुस्तीवाल्याची अक्कल होती. 1951 च्या अखेरीस या पद्धतीची त्याची बेस बाजारात आली. तारेची लांबी 34 इंच, म्हणजे 864 मिलीमीटर. फ्रेट 20. लांब मानेचा तोल सावरायला धडाला वर दोन शिंगं. आणि नाव? प्रिसिजन बेस. अचूक बेस.

या नावापाशी मी अडकलो.

अचूक कशामुळे? तर फ्रेटमुळे. पट्टीत ठोकलेल्या धातूच्या वीस तारा. बोट फ्रेटच्या मागे कुठेही टेका, सूर फ्रेट सांगेल तोच लागणार. कानाची परीक्षा संपली. फेंडरचा हिशेब सरळ होता. छोट्या बँडमध्ये गिटारवाल्यालाच कधीकधी बेस वाजवावी लागे, आणि डबल बेसवर सूर शोधणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. फ्रेट लावले की तो दुसऱ्या दिवशी कामावर हजर.

आता डबल बेसवाल्याच्या जागी उभे राहून बघा. तुम्ही पंधरा वर्षं घासून सूर पक्का केला. आणि एक रेडिओवाला येतो, ती पंधरा वर्षं वीस पट्ट्यांमध्ये बसवतो, वर तिला 'अचूक' असं नाव देतो. म्हणजे इतके दिवस तुम्ही काय करत होतात? अनेकांनी नाकं मुरडली. लायोनेल हॅम्प्टनच्या बँडमधला मंक मॉन्टगोमेरी हा जॅझमध्ये ही बेस रुजवणारा सुरुवातीचा मोठा वादक. 1953 मध्ये तो ती घेऊन हॅम्प्टनबरोबर युरोप फिरला. तोही मूळचा डबल बेसवाला, आणि त्यालाही ती आधी आवडलेली नव्हती. बँडचा मालक सांगतोय म्हणून वाजवली, मग तिच्यात रमला. एल्विस प्रेस्लीच्या बिल ब्लॅकची गोष्ट याच्या उलटी. डबल बेसवर त्याचा हात इतका बसलेला, की 1957 मध्ये 'जेलहाउस रॉक' चित्रपटाच्या एका गाण्याची सुरुवात त्याला नव्या बेसवर काही केल्या जमेना. त्यानं ती वैतागून टाकून दिली, आणि ते तुकडे मग एल्विसनं स्वतः वाजवले, असं सांगतात.

आपल्याकडे हे सगळं वेगळ्या वेषात होऊन गेलेलं आहे. पेटी! हार्मोनियम आली आणि घराघरांत गाणं पोचलं. बोट ठेवलं की सूर. पण पेटीत मींड नाही, आणि सूर कारागिरानं ठरवलेले, गाणाऱ्यानं नाहीत. आकाशवाणीनं 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली ती थेट 1971 पर्यंत टिकली, आणि तेव्हाही अर्धवटच उठली. माझ्या आईचं गाणं पेटीवरच सुरू झालं, म्हणून आमच्या घरात पेटीबद्दल वाईट बोलायची सोय नाही. पण तिचे गुरुजी पेटी बाजूला सारून तानपुऱ्यावर बसवत तेव्हा रडू यायचं, हेही तीच सांगते.

आणि सतार? तिनं यातून मधला मार्ग काढला आहे असं मला वाटतं. सतारीला पडदे आहेत, पण ते दोऱ्यानं बांधलेले. राग बदलला की पडदा किंचित वरखाली सरकवायचा. पडदा मदत करतो, हुकूम करत नाही. युरोपातल्या जुन्या ल्यूटचे फ्रेटसुद्धा आतड्याच्या दोरीचे, बांधलेलेच असत. पुढे फ्रेट लाकडात ठोकले गेले आणि सरकवायची सोय संपली.

ठोकायचे म्हटल्यावर प्रश्न आला, कुठे? इथे एक गंमत सांगतो. दुर्बिणीवाल्या गॅलिलिओचा बाप, व्हिन्सेन्झो गॅलिली, हा ल्यूटवादक. त्यानं 1581 च्या आपल्या पुस्तकात सोपा नियम दिला: तारेच्या लांबीचे 18 भाग करा, पहिल्या भागावर पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीचे पुन्हा 18 भाग करा, दुसरा फ्रेट. असंच पुढे. आज 18 च्या जागी 17.817 घेतात, म्हणजे बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर येतो आणि सप्तक पुरं होतं. माझ्या 864 मिलीमीटरला पहिला फ्रेट 48.5 वर, सातवा 287.3 वर, बारावा 432 वर. मोकळ्या तारेला षड्ज धरलं तर सातवा फ्रेट पंचम आणि बारावा तार षड्ज.

पण या गणितातही एक लबाडी दडलेली आहे. सप्तकाचे बारा अगदी समान भाग केले की कुठलाच सूर (षड्ज सोडून) निसर्गतः असतो तिथे पडत नाही. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले, त्यांना सेंट म्हणतात, तर तानपुऱ्यात ऐकू येणारा गंधार आणि गिटारचा गंधार यांत सुमारे 14 सेंटचा फरक. गिटारचा चढा. पंचम मात्र नशीबवान, फक्त 2 सेंट उतरा. म्हणजे जगातली कुठलीही अचूक गिटार गंधाराला थोडी बेसूरच असते. फक्त सगळ्यांनी मिळून एकसारखं बेसूर व्हायचं ठरवलंय, म्हणून खपून जातं.

खुद्द 1951 च्या प्रिसिजन बेसचंही तेच. नावात अचूकपणा, पण तिच्या ब्रिजवर चार तारांना घोड्या दोनच. दोन-दोन तारांना मिळून एक. प्रत्येक तारेची लांबी वेगळी जुळवायची सोयच नव्हती! ती 1957 मध्ये चार घोड्या आल्यावर झाली. हे वाचून मला इतका धीर आला म्हणून सांगू. म्हटलं, फेंडरचं चालतं तर आपलंही चालेल.

घात तिथेच झाला.

धड शिवणीचं केलं. हलकं लाकूड, वखारीत सहज मिळालं. मान पाडलेल्या वाड्याच्या सागवानी चौकटीच्या तुकड्याची, आत पोलादी सळई. (बेसच्या चार तारा मिळून मानेवर सुमारे 75 ते 80 किलोचा ताण देतात. एक माणूस सतत लोंबकळतोय असं समजा.) वर शिसवाची पट्टी. धड कापून देणारे कोपऱ्यावरचे सुतारकाका आधी हसले, मग रोज संध्याकाळी चौकशीला येऊ लागले. पिकअप मीच गुंडाळला. चार लोहचुंबक, त्यांच्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याची तार, हँड ड्रिलला बांधून. वेढे मोजायला जुना कॅल्क्युलेटर जोडला होता, दर फेऱ्याला 'बरोबर'चं बटण दाबलं जाईल असा. पंखे-मोटारी रिवाइंड करणाऱ्या ओळखीच्याला ती तार दाखवली तर म्हणाला, "साहेब, ही तार आहे का कोळ्याचं जाळं?" साडेआठ हजार वेढ्यांत ती तीनदा तुटली. तिन्ही वेळा रात्री अकरानंतर.

फ्रेटच्या खुणांसाठी मी हुशारी केली. पट्टीनं मोजून चुका होतात, म्हणून संगणकावर आराखडा काढला आणि छापला. एका ए-फोर कागदावर 20 फ्रेट मावत नाहीत. तीन कागद लागले. ते एकमेकांना चिकटवले, पट्टीवर डकवले आणि बारीक दात्यांच्या करवतीनं वीस खाचा पाडल्या. एकेक खाच काटकोनात, केसाचाही फरक नाही. मी स्वतःवर बेहद्द खूश. फ्रेट ठोकले, घासले, तारा चढवल्या, अॅम्प्लिफायर लावला आणि पहिला सूर काढला. खिडकीची काच थरथरली. काय वाटलं ते लिहीत नाही, तुम्ही समजून घ्या.

मग खालून वर एकेक सूर वाजवत गेलो. आतून आईचा आवाज आला.

"पंचम उतरलाय रे."

म्हटलं, आई, याला फ्रेट आहेत. उतरू शकत नाही. हा गणिती सूर आहे.

"असेल. पण उतरलाय."

संगणकावर सूर मोजला. पंचम 9 सेंट खाली. तार षड्ज 12 सेंट खाली. सा, रे, ग, म, अगदी तीव्र मध्यमापर्यंत सगळं जागच्या जागी, आणि पंचमापासून पुढे सगळं घसरलेलं. कारण कळायला रात्र गेली. कागदाचा पहिला जोड सहाव्या आणि सातव्या फ्रेटच्या मध्ये होता, आणि तो चिकटवताना एक कागद दुसऱ्यावर 3 मिलीमीटर जास्त चढला होता. सातव्यापासून विसाव्यापर्यंत सगळे फ्रेट तेवढे अलीकडे. ब्रिज पुढे सरकवून बघितला, तर तार षड्ज जमला आणि खालचे सूर चढू लागले. दोन कागदांचं भांडण एका ब्रिजनं मिटत नसतं.

इतक्या दिवसांच्या इतिहासवाचनानं जे शिकवलं नव्हतं ते त्या 3 मिलीमीटरनं शिकवलं. फ्रेट लावल्यानं अचूकपणाची जबाबदारी नाहीशी होत नाही. ती फक्त जागा बदलते. डबल बेसवर ती वाजवणाऱ्याच्या कानावर होती, प्रत्येक सुराला नव्यानं. फेंडरनं ती उचलली आणि कारखान्यात नेली. कुणीतरी एकदा नीट करवत चालवली की हजारोंना आयुष्यभर ते ओझं नको. हे केवढं मोठं काम आहे हे मला आता कळतं. नाकं मुरडणाऱ्यांना जे स्वस्त वाटलं ते स्वस्त नव्हतं, ते कुणीतरी आधीच भरून ठेवलेलं होतं. आणि ते भरणाऱ्याला कुणी ओळखतही नाही. माझ्या बेसच्या बाबतीत ते भरायचं काम माझं होतं, आणि मी ते डिंकाच्या भरवशावर सोडलं.

पण इतिहासात याची दुसरी बाजूही आहे. लंडनच्या बिल वायमननं 1961 मध्ये 8 पौंडांना एक जुनी, सुमार बेस घेतली. धड कापून आकार बदलला. झिजलेले फ्रेट उपटून काढले, नवे लावायचे म्हणून. मधल्या काळात बिनफ्रेटची वाजवून बघितली तर आवाज इतका आवडला, की नवे लावलेच नाहीत. खाचा बुजवल्या आणि तशीच वाजवत राहिला. पुढच्या वर्षाच्या शेवटी तो रोलिंग स्टोन्समध्ये गेला, आणि ती घरगुती बेस त्यांच्या ध्वनिमुद्रणांत वाजली. कारखान्यात बनलेली बिनफ्रेटची बेस अमेरिकेत 1966 मध्ये आली. खुद्द फेंडरच्या नावावर बिनफ्रेटचा प्रिसिजन बेस आला 1970 मध्ये. ज्या नावाचा अर्थच फ्रेट होता त्यातून फ्रेट काढले, नाव तेच ठेवलं! आणि मग फ्लोरिडाचा जॅको पास्टोरियस. त्यानं आपल्या 1962 च्या जॅझ बेसचे फ्रेट काढून पट्टीवर बोटींना लावतात तो इपॉक्सी चढवला, आणि 1976 च्या आपल्या पहिल्या तबकडीत तिला असं गायला लावलं की लोक थक्क झाले. ओझं उतरवून मिळालेल्या वाद्यावर काही लोकांनी ते ओझं आपण होऊन पुन्हा घेतलं. कारण मींड त्या ओझ्यातच असते.

फ्रेट ठेवूनही कान शाबूत ठेवणारे होतेच. डेट्रॉइटचा जेम्स जेमरसन मूळचा डबल बेसवाला. 1962 च्या प्रिसिजन बेसवर, उजव्या हाताच्या एकाच बोटानं, तारा न बदलता त्यानं मोटाउन कंपनीची असंख्य गाणी वाजवली. त्या कंपनीच्या तबकड्यांवर वादकांची नावं पहिल्यांदा छापली गेली ती 1971 मध्ये, मार्विन गेच्या एका तबकडीवर. तोवर जगभर लोक त्याच्या बेसवर नाचत होते आणि तो कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. 1983 मध्ये तो गेला.

असो. मी काय केलं ते सांगतो.

नवी पट्टी कापणं हा एक उपाय होता. दोन दिवसांचं काम. पट्टी आणूनही ठेवली होती. पण ती कापायला हात उठेना. खरं कारण असं, की आयुष्यभर मी आईला सांगत आलो होतो की मला गाण्याचा कान नाही. लहानपणी तिनं बसवलं तेव्हा चार महिन्यांत उठलो, ते याच सबबीवर. आणि बेस गिटार निवडली ती, आता कळतंय, याचसाठी की तिला फ्रेट असतात. कानाचं काम करवतीवर सोपवता येतं. मजा म्हणून केलं असं मी म्हणत होतो, ते अगदी खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं.

तर एका रविवारी वीसच्या वीस फ्रेट उपटले. सुतारकाका म्हणाले, खाचांत काळी लुकण भरू, कुणाला दिसणार नाही. मी म्हटलं, नको, पांढऱ्या लाकडाच्या चिपा भरू. त्यांना पटलं नाही, पण त्यांनी भरून दिल्या. आता माझ्या बेसवर वीस पांढऱ्या रेघा आहेत. बिनफ्रेटच्या बेसवर बोट नेमकं रेघेवर टेकायचं असतं. पहिल्या सहा रेघा खरं बोलतात. सातवीपासून पुढच्या सगळ्या 3 मिलीमीटर खोटं बोलतात. म्हणजे सहापर्यंत डोळ्यांवर विश्वास ठेवायचा आणि पंचम आला की डोळे मिटायचे.

हल्ली रोज संध्याकाळी मी अर्धा तास बसतो. आईचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा शेजारी लावलेला असतो. तिची तब्येत आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, गाणं जवळपास थांबलंय, पण कान तसाच आहे. मी षड्ज धरतो. रिषभ, गंधार, मध्यम. मग बोट सातव्या रेघेवर नेतो, तिच्या किंचित पुढे सरकवतो आणि आतल्या खोलीच्या दिशेनं विचारतो, "आता?"

"अजून थोडा वर."